आत्याच्या गळ्यातला दाणा

आत्याचे हात वळत होते आणि तिच्या गोळ्या माझ्या पदराच्या गाठीत होत्या.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातली दुपार होती. गळ्याच्या ऑपरेशनला तिसरा दिवस. आत्या खाटेवर उताणी, गळ्याला पांढरी पट्टी. सकाळी तिच्या ओठांना मुंग्या आल्या होत्या, मग बोटांना. आता बोटं आपोआप एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात शिरला आणि मनगट वाकलं. मूल आडवं असलं की सुईण हात आत घालताना जसा निमुळता करते, अगदी तसा. आम्ही दोघी प्रसूतिगृहातल्या आया. तो हात आम्ही शंभरदा बघितलेला. आत्यानंही तो ओळखला. जबडा आवळत चालला होता तरी दातांच्या फटीतून म्हणाली, "बघ गं. हात ड्युटीवर निघाला."

मी हसले. मग तिचा दुसरा हात वळला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि माझं हसू गेलं.

तिचा नवरा पायाशी उभा राहून मान हलवत होता. तो नेहमीच मान हलवायचा. पदराच्या गाठीत अकरा गोळ्या होत्या. सिस्टरनं त्या आत्याला खायला दिल्या होत्या आणि मी त्या तिला खाऊ दिल्या नव्हत्या. तिच्या भल्यासाठी. त्या का लपवल्या ते समजायला आत्या समजली पाहिजे, म्हणून तिच्यापासून सांगते.

आत्या माझी आत्या नव्हती. कुणाचीच नव्हती. निजामपुऱ्यातल्या एका प्रसूतिगृहात ती थोरली आया, मी धाकटी. तिला सगळे आत्या म्हणत, मोठ्या मॅडमसुद्धा. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टरीण बाई. दवाखाना त्यांचा होता, पण चालवायची आत्या. कुठली बाई कधी मोकळी होणार ते ती दारातून चालत येणाऱ्या बाईची चाल बघून सांगायची आणि मॅडम घड्याळ बघून खात्री करायच्या. मी चौथीपर्यंत शिकले होते. आत्या शाळेत गेलीच नव्हती, म्हणून ती मला "ए शिकलेली" अशी हाक मारायची. त्यात कौतुक नव्हतं.

आमचं बिऱ्हाड एकाच चाळीत. खाली कापड विणायचे लूम, वर आम्ही. दिवसभर जमीन हलायची. कपाटावर ठेवलेला पेला संध्याकाळपर्यंत चालत चालत कडेला यायचा. आत्याचा नवरा तीस वर्षं लूमवर होता. लूमवाल्या माणसाचे कान जातात, तसे त्याचे गेले होते. पण ऐकू येत नाही हे त्यानं कधी कबूल केलं नाही. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की तो मान हलवायचा. आत्या त्याला दिवसभर बोलायची, तो दिवसभर होकार द्यायचा. त्यांचं भांडण झालेलं मी बघितलं नाही.

आत्याला मुतखडे व्हायचे. एक-दोनदा नाही, सात वेळा. पडलेला प्रत्येक खडा ती धुऊन, पुसून काजळाच्या डबीत कापसावर ठेवायची. डबी कमरेच्या पिशवीत. ज्या ठिकाणी पडला त्या ठिकाणाचं नाव खड्याला. एक अंबाडीवाला होता, तो अंबाडीला माझ्या माहेरच्या लग्नात पडला. नवरीला हळद लागत होती आणि आत्या मागच्या पडवीत भिंतीला डोकं लावून उभी. माझ्या आईनं विचारलं, "काय झालं हो बाई, भोवळ आली का?" आत्या म्हणाली, "न्हाय. पोर होतंय. तुमी हळद लावा."

एक कशेळीवाला होता. आम्ही दोघी ठाण्याहून बसनं येत होतो. कशेळीला ट्रकांची रांग लागली की बस तासभर हलत नाही. आत्याला तर दर अर्ध्या तासानं जावं लागायचं. कंडक्टरला "मी आले" असं सांगून ती उतरली, सरळ एका गोदामात घुसली आणि वॉचमनला म्हणाली, "भैया, संडास दिखाव." तो म्हणाला, "लेडीज के लिए नहीं है." आत्या म्हणाली, "मेरे को लेडीज का नहीं चाहिए, नजदीक का चाहिए." तिथं तो खडा पडला. मी गोदामाबाहेर उभी, आतून ओरडणं. वॉचमन घाबरून देवाचं नाव घेत होता. बाहेर येऊन आत्या त्याच्याच हंड्यातलं तीन तांबे पाणी प्याली, मग तिनं हात धुतले आणि त्याला खडा दाखवला. आम्ही परत गेलो तेव्हा बस होती तिथंच होती. कंडक्टर म्हणाला, "मावशी, आरामात या."

पाणी हा तिचा दुसरा नाद. चाळीत नळ सकाळी तासभर यायचा. प्रत्येक घराला दोन हंडे, आत्याला चार. शेजारीण म्हणायची, "आत्या, पिता का म्हशी धुता?" आत्या म्हणायची, "पिते. म्हशी तुमच्या घरी हायत, तुमी धुवा." खरंच प्यायची. कामावर तिचा तांब्या खिडकीत ठेवलेला असायचा आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. जेवढं प्यायची तेवढं जायची. विहारात वंदना चालू असताना चार वेळा उठायची. शेवटी तिला दाराशी बसायची जागा कायमची मिळाली. तिथून ती आत येणाऱ्यांच्या चपला नीट लावून घ्यायची आणि कोण उशिरा आलं ते मोठ्यानं सांगायची.

ती काजळाची डबी लेबर रूममध्ये फार कामाला यायची. आमच्याकडे लूमवाल्यांच्या घरच्या बायका जास्त. पहिलटकरीण ओरडायला लागली की आत्या डबी उघडून तिच्या नाकासमोर धरायची. "ए आपा, इतना काहे को चिल्लाती? तेरा तो नरम बच्चा है. ये देख. काँटेवाला. ये मैंने निकाला." बाई ओरडायची थांबायची. एकीनं विचारलं, "ये क्या है?" आत्या म्हणाली, "मेरा सातवा." ती बाई डोळे फाडून बघत राहिली आणि मूल बाहेर आलं. ते मूल धसक्यानं झालं असं मॅडम म्हणायच्या. आत्याला स्वतःचं मूल नव्हतं. त्याचं तिला वाईट वाटत असेल तर मला कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही.

पोट साफ न होणं हा तिचा तिसरा विषय. त्यावर ती जेवतानाही बोलायची, म्हणून ते मी इथं लिहीत नाही.

मग हाडांचं सुरू झालं.

तिची दोन हाडं माझ्या हातून मोडली. पहिलं मनगट. धुतलेली चादर दोघींनी दोन टोकं धरून पिळायची, ही आमची रोजची पद्धत. मी उजवीकडे पीळ देते, ती डावीकडे. एके दिवशी कट्कन आवाज आला. आत्या म्हणाली, "फाडलीस चादर." मी म्हटलं, "चादर धड हाय." मग तिनं हात बघितला. हात कोपरापासून सरळ जायचा तो मध्येच वळला होता. म्हणाली, "आता जोर कमी कर, शिकलेली." चादर पुरती पिळून, वाळत घालून मग आम्ही मॅडमकडे गेलो, कारण ओली चादर टाकून जाणं तिला पटलं नाही.

दुसरी बरगडी. पाणी पिताना तिला ठसका लागला, मी पाठीत धपाटा घातला. धपाटा नेहमीचाच होता. बरगडी गेली. दोन महिने ती मला "कुस्तीवाली" म्हणून हाक मारत होती आणि येणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला, "हिच्याकडं पाठ करू नको," असं सांगत होती.

त्यात ती बुटकी व्हायला लागली. आम्हाला कळलं नाही, कारण रोज बघणाऱ्याला कळत नाही. तिला कळलं ते गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरून. एक दिवस तिचा हात दोरीला पुरेना. खाली येऊन तिनं सगळ्या चाळीला जमवलं.

"माझी दोरी कुणी वर बांधली?"

कुणी बांधली नव्हती. शेजारीण म्हणाली, "आत्या, खिळा जुनाच हाय. गंजलाय बघा."

"गंजलेला खिळा वर सरकत न्हाय व्हय? तुमच्या घरचा सरकत असंल."

मग तिच्या नवऱ्यानं दोरी चार बोटं खाली बांधली. सहा महिन्यांनी आणखी चार बोटं. पुढं पुढं आम्ही बाकीच्या त्या दोरीखालून वाकून जायला लागलो आणि आत्या म्हणायची, "आता बरोबर हाय."

हसण्यासारखं सांगते आहे, पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. ती दुपारी दारात बसून रडायची. कारण काही नाही. कारण विचारलं तर शिव्या द्यायची. एकदा तर लेबर रूममध्ये नाळ कापायची कात्री हातात घेऊन उभी राहिली आणि ती कशासाठी घेतली तेच तिला आठवेना. मी तिच्या हातातून कात्री घेतली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. ती काही बोलली नाही, आणि आत्या काही बोलत नाही याचीच मला भीती वाटली.

मुतखड्याला एक डॉक्टर होता. हाडाला शहापूरकडचा हाडवैद्य. पोटाला शेजारीण आणि तिची एरंडेलाची बाटली. रडण्याला कुणी नव्हतं. या सगळ्यांनी एका ठिकाणी बसून आत्याबद्दल बोलावं असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

हाडवैद्यानं पट्टी बांधली आणि म्हणाला, "बाई, तुमच्या हाडातला चुना संपलाय. गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना रोज दह्यातून घ्या." आत्या बाहेर येऊन म्हणाली, "गव्हाएवढा? मी काय चिमणी हाय?" ती हरभऱ्याएवढा घ्यायला लागली. चुना माझा. मी तंबाखू खायची, कमरेला डबी असायची. रोज सकाळी कामावर आल्यावर मी डबी उघडायची, बोटावर चुना काढायचा आणि आत्या दह्याची वाटी पुढं करायची. तिचं हाड माझ्यामुळं मोडलेलं. तेव्हा तो चुना मी हात राखून दिला नाही.

गरोदर बायकांना द्यायच्या पांढऱ्या गोळ्या दवाखान्यात डब्यानं असायच्या. त्या कॅल्शियमच्या, म्हणजे चुन्याच्याच, हे आत्याला माहीत होतं. ती सकाळी दोन, संध्याकाळी दोन घ्यायची. मॅडमनं एकदा पकडलं. म्हणाल्या, "आत्या, या गरोदर बायकांच्या आहेत." आत्या म्हणाली, "मॅडम, माझी सात झाली, मला कुणी एक दिली न्हाय." मॅडम हसल्या आणि गेल्या. गल्लीच्या तोंडाला एक डॉक्टर बसायचा, तो गरम इंजेक्शन द्यायचा. शिरेत गेलं की अंगभर ऊब पसरते. तेही कॅल्शियमचंच. ते घेऊन आली की आत्या म्हणायची, "आता कसं, चूल पेटल्यासारखं वाटतं." चाळीतून दूध येत होतं, नाचणीचं आंबील येत होतं, सुके बोंबील येत होते. हाडं भरायला जे जे लागतं ते सगळ्यांनी आणून दिलं. इतकी माया त्या चाळीनं दुसऱ्या कुणावर केली नाही.

आणि आत्या वाळत चालली. आधी जेवण सुटलं. मग उलट्या. पाणी पोटात ठरेना, आणि पाण्याशिवाय तर ती जगलीच नव्हती. आम्ही काय केलं? चुना वाढवला.

उलट्यांच्या चौथ्या दिवशी तिला रिक्षात घालून प्रसूतिगृहात आणली आणि रिकाम्या खाटेवर झोपवली. मॅडम तिच्यावर वाकल्या. आत्यानं डोळे उघडले, मॅडमच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "अजून दोन बोटंच उघडलंय. चालत राहा बाई. मॅडमला एवढ्यात बोलवायचं न्हाय, त्या जेवतायत."

मॅडमनं माझ्याकडे बघितलं. "किती दिवस असं?"

"चार."

"खाते काय?"

मी सगळं सांगितलं. अभिमानानं सांगितलं. चुना, गोळ्या, इंजेक्शन, दूध, नाचणी. बोलता बोलता मी कमरेची डबी काढून दाखवली. मॅडम उभ्या होत्या त्या स्टुलावर बसल्या. त्यांनी आत्याचं रक्त काढून तपासायला पाठवलं. कागद आला तेव्हा म्हणाल्या, "हिच्या रक्तात चुना नको इतका झालाय. आज मुंबईला न्या. उद्या नाही, आज."

मुंबईला आधी चार दिवस नुसतं सलाईन. बाटलीमागून बाटली. आत्या धुऊन निघाली आणि तिला माणसं ओळखू यायला लागली. पहिली ओळख तिनं मला दिली. "तू हितं काय करतीस? चादरी कोण पिळतंय?"

मग एक तरुण डॉक्टरीण आली. चष्मा, लांब वेणी, बोलणं मऊ. तिनं खाटेवर बसून विचारलं, "आजी, मुतखडे झालेत का कधी?" आत्यानं डबी काढली. "हाडं मोडलीत?" आत्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "तहान फार लागते? पोट साफ होत नाही? उगाच रडू येतं? विसरायला होतं?"

आत्या मला म्हणाली, "ही डॉक्टर हाय का ज्योतिषी?"

त्या पोरीनं जे सांगितलं ते असं. गळ्यात चार दाणे असतात, मसुराएवढे. रक्तात चुना किती असावा ते ते दाणे बघतात. कमी पडला की हाडातून काढून आणतात. आत्याचा एक दाणा माजला होता. गरज असो नसो, तो हाडातून चुना काढतच सुटला होता. हाडं पोकळ होत होती. काढलेला चुना रक्तात जायचा, रक्तातून मूत्रपिंडात, आणि तिथं त्याचे खडे व्हायचे. तहान त्यानं, बद्धकोष्ठ त्यानं, रडणं त्यानं. वरून आम्ही आणखी चुना घातला. ती म्हणाली, "ही डबी टाकून द्या मावशी. या बाईला हे विष आहे." मी माझी डबी तिच्यासमोर बादलीत टाकली. पितळेची होती, माझ्या सासूची.

आत्या बराच वेळ काजळाच्या डबीत बघत होती. मग विचारलं, "म्हंजी हे माझंच हाड?"

"एका अर्थानं तुमचंच."

आत्या नवऱ्याकडे वळली. "ऐकलंस? मी बुटकी न्हाय झाले. बाकीची मी डबीत हाय." त्यानं मान हलवली.

ऑपरेशन झालं. दाणा बोराएवढा निघाला असं सांगितलं. आत्यानं शुद्धीवर आल्याबरोबर तो मागितला. डबीत ठेवायला. तो तपासायला गेला असं कळल्यावर ती सिस्टरशी भांडली. आवाज घोगरा झाला होता, पण भांडण चांगलं झालं. मला वाटलं, सुटलो.

आणि दुसऱ्या दिवशी सिस्टर गोळ्या घेऊन आली. दोन, मोठ्या, पांढऱ्या. आत्यानं एक हातात घेऊन बघितली. तीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई. तिला गोळी ओळखायला नाव वाचावं लागत नव्हतं.

"ही तीच," ती म्हणाली.

"कसली?"

"गरोदर बायकांची. चुन्याची."

मी सिस्टरला विचारलं, "ही कॅल्शियमची का?" ती म्हणाली, "हां, खाने का, दिन में चार बार," आणि पुढच्या खाटेकडे गेली. त्या वॉर्डात तीस खाटा होत्या आणि ती एकटी. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आठ दिवसांपूर्वी याच इस्पितळानं माझी डबी बादलीत टाकायला लावली होती. आत्या म्हणाली, "हिची खाट चुकली. दुसऱ्या कुणाच्या गोळ्या मला देतीया. लपव."

"सांगूया की डॉक्टरला."

"सांगितलं तर या पोरीची नोकरी जाईल. आपणबी दवाखान्यातल्याच. लपव."

आम्ही दोघी दवाखान्यातल्या, हीच चूक. एखादी साधी बाई असती तर तिनं दिलेली गोळी मुकाट्यानं गिळली असती. आम्हाला अक्कल होती. मी प्रत्येक वेळी गोळ्या पदरात बांधल्या आणि आत्यानं प्रत्येक वेळी पाण्याचा घोट घेऊन गिळल्यासारखं केलं. नाटक तिला छान जमायचं. तिसऱ्या दिवशी सकाळीही तेच. मध्ये एकदा एक गोळी खाली पडून फुटली, ती मी पायानं खाटेखाली सारली.

खरं म्हणजे हे आम्हाला सांगितलेलं होतं. त्या वेणीवाल्या डॉक्टरणीनं ऑपरेशनच्या दिवशीच नातेवाईक कोण म्हणून विचारलं होतं. मी तेव्हा नळावर होते. तिनं आत्याच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सगळं समजावलं होतं. की आता दाणा काढलाय, तर उपाशी हाडं रक्तातला सगळा चुना ओढून घेतील. रक्तात चुना फार कमी होईल. हात वळतील, घसा आवळेल, झटके येतील, जीवही जाऊ शकतो. म्हणून आता एकही गोळी चुकवायची नाही. "समजलं ना बाबा?" तिचे ओठ हलायचे थांबले, तेव्हा त्यानं मान हलवली.

तर ही ती तिसऱ्या दिवसाची दुपार. आत्याचे दोन्ही हात वळलेले, जबडा आवळलेला आणि आता श्वास घेताना गळ्यातून कोंबड्यासारखा आवाज. मी सिस्टरला हाक मारली. ती धावत आली, तिनं बघितलं आणि डॉक्टरणीला बोलावलं. डॉक्टरीण वेणी पाठीवर टाकत आली.

"गोळ्या चालू आहेत ना?"

सिस्टर म्हणाली, "सगळ्या दिल्यात. मी स्वतः दिल्यात."

माझा हात पदराच्या गाठीवर गेला आणि तिथंच थांबला. मला दिसत होतं की दोष सिस्टरवर जाणार. मला हेही दिसत होतं की आत्या गेली तर ती माझ्या हातून गेली असं होणार. मनगट, बरगडी, चुना आणि आता हे. आत्या माझ्याकडे बघत होती. तिला बोलता येत नव्हतं. तिला काय म्हणायचं होतं मला माहीत नाही. त्या नजरेचा अर्थ मी पुढं खूपदा लावला, पण तेव्हा कळला नाही.

मी पदराची गाठ सोडली. गाठ घामानं घट्ट झाली होती, दातांनी सोडावी लागली. गोळ्या खाटेवर पडल्या.

"या काय?"

"तिच्या. अकरा. एक खाटेखाली हाय."

डॉक्टरीण ओरडली नाही. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. इंजेक्शन आणवलं, आत्याच्या दंडाला दोरी बांधली, शीर शोधली आणि औषध हळूहळू आत सोडायला लागली. एक डोळा घड्याळावर, एक आत्याच्या छातीवर. मध्ये फक्त एवढंच म्हणाली, "हे जोरात दिलं तर हृदय थांबतं."

आधी घशातला आवाज बंद झाला. मग जबडा सुटला. मग एक एक बोट. करंगळी सगळ्यात शेवटी. आत्यानं डोळे मिटले आणि म्हणाली, "गरम लागतंय. हे माझ्या ओळखीचं हाय."

पंधरा दिवसांपूर्वी याच इंजेक्शनानं ती मरायला टेकली होती.

डॉक्टरीण तिच्या नवऱ्याकडे वळली. "बाबा, मी तुम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं ना?" त्यानं मान हलवली. मी तिला सांगितलं, "मॅडम, त्याला ऐकू येत न्हाय." तीस वर्षांत कुणी हे मोठ्यानं बोललं नव्हतं. तो माझ्यावर वर्षभर नाराज होता, म्हणजे त्यानं ते माझ्या ओठांवरून वाचलं असणार.

आत्याला पुरतं बोलता यायला लागल्यावर तिनं माझी खरडपट्टी काढली. "मी लपव म्हटलं तर तू लपवतीस? चौथी शिकलीस ना? मग?" मी म्हटलं, "तूच म्हणालीस खाट चुकली." ती म्हणाली, "मी आजारी होते. तू कशानं आजारी होतीस?" त्या दिवसापासून ती प्रत्येक गोळी सिस्टरसमोर तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायची. सिस्टरनं न सांगता.

आत्या घरी आली. खडे पुन्हा झाले नाहीत. तहान गेली, चारचे दोन हंडे झाले. हाडं हळूहळू भरली. दुपारी दारात बसून रडणं बंद झालं. उंची परत आली नाही, ती येत नाही. आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की दाणा गेला म्हणजे स्वभावही मवाळ होईल. मॅडमनाही वाटलं होतं. झाला नाही. म्हणजे स्वभाव दाण्याचा नव्हता, तिचाच होता. पुढं आणखी बारा वर्षं ती कामावर होती आणि चादर पिळताना मला सांगायची, "हळू."

त्या आठवड्यात त्या वॉर्डात गळ्याचं ऑपरेशन झालेल्या तीन बायका होत्या. दोघी आपापल्या घरी गेल्या. एक आत्या. दुसरी वसईकडची कुणी होती, तिचं नाव मला माहीत नाही. तिसरी तिथंच वारली.